पेशकश

निघालेल्या गाडीमागे फरंगीसने वाटीभर पाणी रस्त्यावर फेकलं. गेलेला माणूस पाण्यासारखा सहज परत यावा, म्हणून. ते पाणी अजून वाहत होतं, तेवढ्यात त्यावरूनच एक पिकअप वर आली आणि अक्रोडाखाली, गिऱ्हाइकांच्या गाड्या लागतात त्या जागेत, आडवी थांबली. आत तिचा दीर इस्कंदर होता. मागच्या हौद्यात दोरखंड होता आणि घडी घातलेली गोधडी. हा चहा प्यायला आलेला नाही, हे तिला तिथंच कळलं.

“सलाम, वहिनी. थकवा न येवो.”

“तुम्हालाही. बसा.”

“बसायला वेळ कुठाय? समोवर न्यायला आलोय.”

नवरोजचा तेरावा दिवस होता. या दिवशी घरात कुणी थांबत नाही. खाली बोगद्याच्या तोंडाशी गाड्यांची रांग खिंडीतून मुंगळ्यांसारखी दिसत होती. बोगदा झाल्यापासून हा जुना घाट फक्त घाई नसलेल्यांसाठी उरला होता. वाट वाकडी करून ते इथवर चढायचे ते फरंगीसच्या चहासाठी, आणि चहा यायचा त्या पितळी, कोळशावर पाणी उकळत ठेवणाऱ्या समोवरातून. तिच्या नवऱ्याने, यदुल्लाने, तो तबरीझहून आणला होता, ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर बसवून, एखादा पाहुणा आणावा तसा. पुढे यदुल्ला गेला, ट्रक विकला. समोवर राहिला.

लाकडी बाजेवरच्या गालिच्यावर जुन्या गिऱ्हाईक तूरान-खानम बसल्या होत्या. दर वसंतात त्या मुलाला हा वळसा घ्यायला लावायच्या. मुलगा सियामक गाडी सुरू ठेवूनच उभा होता.

“बोगद्यातनं गेलो असतो तर एव्हाना समुद्र आला असता, आई.”

“समुद्र काय पळून चाललाय?” असं म्हणून त्या इस्कंदरकडे वळल्या. “आणि तुम्ही, आगा, समोवर कशाला नेताय?”

“यांनीच दिलाय, खानम. नवरोजच्या भेटीला आलो होतो, तेव्हा. साक्षीदार आहेत.”

ते खरं होतं. सगळं घर जमलं असताना इस्कंदरने समोवरावर थाप मारून म्हटलं होतं, “काय देखणा आहे हो!” आणि फरंगीस म्हणाली होती, “पेशकश. तुमचाच आहे.” इथं कुणी आपल्या वस्तूची तारीफ केली, की हा शब्द विचाराआधी तोंडातून निघतो. समोरच्याने मग छातीवर हात ठेवून म्हणायचं असतं, “मालकाकडेच शोभतो.” एकाच दाराच्या दोन झडपा त्या. इस्कंदरने आपली झडप लावलीच नव्हती. तो म्हणाला होता, “देव तुमचं भलं करो.” जेवण जास्त झालं असेल, विसरला असेल, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं.

“अहो, पेशकश कधी कुणी उचलून नेतं का?” तूरान-खानम म्हणाल्या. “उद्या मी म्हटलं, तुमच्यावरून जीव ओवाळून टाकते, तर सुरी घेऊन याल?”

“शब्द म्हणजे शब्द, खानम.” इस्कंदरने फरंगीसकडे पाहिलं. “बोगद्यापाशी हॉटेलाचं नवं दालन काढलंय. दारातच ठेवीन म्हणतो, लोक फोटो काढतील. तुम्हीही या ना खाली. भटारखान्यात माणूस हवंच आहे. इथं वाऱ्यात किती दिवस काढाल? हा समोवर गेल्यावर थांबणार तरी कोण तुमच्याकडे?”

“फरंगीस-जान, सांग की, रीत म्हणून बोलले होते,” तूरान-खानम हळू म्हणाल्या.

तिच्या जिभेवर तेच होतं. पण मग तो खाली हॉटेलात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला असता, की यदुल्लाच्या बायकोने दिलेलं परत मागितलं.

“बोलले ते बोलले,” ती म्हणाली. “न्या. पण पेटलेला समोवर उतरवत नाहीत. चहा होऊ दे.”

या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण चहा उशिरा उतरतो. तिने चहाची किटली समोवराच्या डोक्यावर ठेवली आणि शांतपणे शेवयांची दाट आश ढवळत बसली. इस्कंदर दोनदा उठला, दोनदा बसला. चहाला रंग चढल्यावर तिने सगळ्यांना पेले दिले, त्यालाही दिला, साखरेच्या खड्यासकट. मग समोवर रिकामा केला, आतले निखारे चिमट्याने एकेक करून तीन दगडांच्या चुलीत टाकले आणि राख झटकली. गोधडीही तिनेच गुंडाळली. इस्कंदरने दोरखंड आवळला.

फरंगीसने ओढणीच्या टोकाला हात पुसले. पिकअपभोवती एक चक्कर मारली. बोनेटवरून तळवा फिरवला.

“गाडी देखणी आहे हो, आगा इस्कंदर. रंग तर काय सुरेख.”

इस्कंदरचा हात आपोआप छातीकडे गेला. ओठ उघडले.

“पे...”

तो थांबला. फरंगीस त्याच्याकडे बघत उभी राहिली. सियामकने फोनमधून मान वर काढली. लहानपणापासून हा शब्द इस्कंदरने टोपीसाठी म्हटला होता, काठीसाठी म्हटला होता, लग्नातल्या नव्या बुटांसाठीही म्हटला होता. आता त्याने मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं.

“हं,” तो म्हणाला. “चालते बरी.”

मग तूरान-खानमनी पेला खाली ठेवला.

“घशात काहीतरी अडकलं वाटतं यांच्या. पाणी दे गं त्यांना.”

सियामकला हसू आवरेना, म्हणून तो डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. इस्कंदरचे कान लाल झाले. दार आपटून त्याने गाडी मागे घेतली, दगडाला घासली, वळवली.

फरंगीसने झऱ्याखाली वाटी भरली आणि सवयीने रस्त्याच्या कडेला आली. आजवर इथून एकही गाडी कोरडी गेली नव्हती. हौद्यात गोधडीतून समोवराची पितळी तोटी बाहेर डोकावत होती आणि पहिल्या वळणापर्यंत ती चमकत राहिली. सगळे फरंगीसच्या हाताकडे बघत होते.

पिकअप दिसेनाशी झाली. ती वाटी तशीच भरलेली घेऊन परत आली. बाजेखालून काजळी धरलेलं डबडं काढलं, हिवाळ्यात मेंढपाळांना ज्यात चहा करून द्यायची ते. वाटीतलं पाणी त्यात ओतलं, आणखी दोन वाट्या आणून ओतल्या आणि डबडं निखाऱ्यांवर ठेवलं. फळीवर समोवराच्या बुडाचा गोल उमटला होता. तेवढ्या जागी लाकूड नव्यासारखं पिवळं होतं. तिने चहाची किटली उचलून त्या गोलात ठेवली.

“यात वेळ लागेल,” ती कुणाकडेही न बघता म्हणाली.

तूरान-खानमनी बूट काढले आणि पाय वर घेतले.

“सियामक,” त्या म्हणाल्या, “गाडी बंद कर.”