हिलालचं झाड

"वाळेल पान सोलू नको, धुरपदा. तेच झाडले धरी ऱ्हास."

हिलाल जाऊन सहा वर्षं झाली, तरी फळीवर खिळा ठोकताना धुरपदाबाईला नवऱ्याचा हा आवाज ऐकू येई. तो नर्सरीत माळी होता. हरणाच्या शिंगांसारख्या पानांचं ते नेचं त्यानं सागाच्या फळीवर काथ्या घालून, तंगुसाच्या दोऱ्यानं बांधलं होतं. झाडाच्या बुडाशी एक गोल पान फळीला छातीसारखं चिकटून असे. ते वाळून तपकिरी होई, तरी झाडाला तेच धरून ठेवतं म्हणून हिलाल त्याला नख लावू देत नसे.

सुरतेत गोडादऱ्याच्या पत्र्याच्या खोलीत झाड होरपळू लागलं, तेव्हा तिनं ते अडाजणला अरुणाताईंच्या गॅलरीत नेलं. तिथे ती धुणंभांडी करी. ताई बँकेत. म्हणाल्या, झाड तुझंच, सावली फक्त माझी.

प्लेगच्या वेळी ताई किल्ली तिच्या हाती देऊन नाशिकला गेल्या. अर्धं सुरत रिकामं झालं. धुरपदाबाई तोंडाला पदर बांधून रोज चालत यायची, फळी बादलीत बुडवायची, निथळेपर्यंत गुणगुणायची:

झाड माझं परघरी, जशी लेक गं सासरी
पाणी पाजुनिया येते, जीव ठेवून माघारी

झाडाला पिल्लं फुटली. तिनं ती सुटी करून बांधली. एकाच्या सात फळ्या झाल्या.

दोन वर्षांनी फुलांच्या प्रदर्शनात त्याच फळ्या ती ताईंबरोबर रिक्षातून घेऊन गेली. एका गुजराती बाईंनी विचारलं, हे कुणी केलं? ताई हसून म्हणाल्या, "में ज कर्युं. आ तो उंचकवा माटे आवी छे."

मीच केलं. ही उचलायला आलीय. सुरतेत वीस वर्षं काढलेल्या बाईला एवढी गुजराती समजत होती. बक्षिसाचा कप ताईंना मिळाला; घरी आणताना तोही तिच्याच हातात होता, पुसायला.

पुढच्या वर्षी प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ताई गॅलरीत स्टूल घेऊन बसल्या. हिलालच्या मूळ झाडाचं ते तपकिरी पान त्यांनी नखानं उचकटलं, मग सुरीनं. कुजकं दिसतं गं, म्हणाल्या. धुरपदाबाई मोरीपाशी होती. कानात हिलाल बोलला. तिनं राखेची चिमूट घेतली आणि पातेलं घासत राहिली. घासलेलंच पातेलं.

महिन्याभरात शिंगं मान टाकून खाली आली. एका सकाळी झाड फळीवरून सुटून फरशीवर पडलेलं होतं. काथ्याला मुळांचे काळे दोरे तेवढे राहिले होते.

"ऊन लागलं असेल," ताई म्हणाल्या. "की माझंच पाणी कमी पडलं? तुला काही कळतं का गं त्यातलं?"

धुरपदाबाईनं रिकामी फळी उचलली, पदरानं पुसली, छातीशी धरली.

"ताई, तुम्ही ते पान सोललं, तवा मी मोरीपाशी उभी होती. झाड मरीन, हे मले माहीत होतं. मी बोलली नाही."