कोंडूची फुंकर

किन्हवलीचा कोंडू मूळचाच हट्टी. कॅन्सरपायी त्याचं स्वरयंत्र काढलं, श्वासासाठी गळ्याला भोक ठेवलं. आवाज गेला, हट्ट तेवढा शाबूत राहिला. दोन वर्षांत ते भोक त्यानं बायकोला, मैनाला, दिसू दिलं नव्हतं. दार लावून स्वतःच साफ करायचा आणि वर गमछा गुंडाळायचा. तिला किळस येणार, हे त्यानंच परस्पर ठरवून टाकलेलं.

आता त्याच्या हर्नियाचं ऑपरेशन अडलं होतं. भूल देण्याआधी फुप्फुसांची ताकद मोजून आणा, म्हणून डॉक्टरांनी शहापूरच्या तपासणी केंद्रात धाडलं. फुंकर कमी पडली तर ऑपरेशन नाही. मैना फाईल घेऊन सोबत आली होती.

तिथं तपासणी करणाऱ्या कुणालीनं कोंडूच्या तोंडात मशीनची नळी दिली. "काका, जोरात फुंका!"

कोंडूनं गाल टम्म फुगवले. मशीन ढिम्म. पोरीचा शब्द मोडायचा कसा, म्हणून पठ्ठ्या पुन्हा फुगवतोय!

"गो बाय, त्यांचा श्वास तोंडातून येतच नाय," मैना म्हणाली. "गळ्यातून येतो."

कुणालीनं जीभ चावली. "चुकलंच माझं. फाईल न बघताच बसवलं." तिनं लहान बाळांचा गोल मास्क आणून नळीला जोडला. "हा गळ्यावर दाबून धरायचा. माझे दोन्ही हात मशीनला लागतील, आणि फुंकताना काकांचा हात हलेल. मावशी, तुम्ही धरा."

कोंडूनं गमछा घट्ट आवळून धरला आणि मैनाला दाराकडे बोट दाखवलं.

मैना हलली नाही. "माझा पाय चिघळला तवा रोज कोन धुवायचा? तुमीच ना? किळस आली तुमाला?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मंग मला कशी येल?"

गमछा हळूहळू सुटला. रुपयाएवढं भोक, कडेची कातडी गुलाबी. मैनाला किळस नाही, रागच आला. एवढ्यासाठी दोन वर्षं!

तिनं मास्क बसवला. भाकरी थापताना लागतो तेवढाच हात लावला. वारा निसटू नये आणि दुखूही नये.

"फुंका!" कुणाली म्हणाली.

एकदा, दोनदा, तीनदा. पडद्यावरची रेघ सरसर चढली.

"मस्त भरली, काका! डॉक्टर नाही म्हणायचे नाहीत."

मैनानं मास्क काढला तसा कोंडूचा ऊन श्वास तिच्या तळहाताला लागला. दोन वर्षं हा माणूस तिच्याकडे पाठ करून झोपत होता. तिचे डोळे भरून आले. हात तिनं तिथंच ठेवला.

"झालं मावशी, काढा आता हात," कुणाली म्हणाली.

"थांब गो जरा," मैना म्हणाली.