मामासाठी एक डिस्क

आईला आणि मामाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लहानपणी दोघांनी आपसात हातांची एक भाषा बसवली होती. शाळेतल्या खुणा त्यात पुढे मिसळल्या, पण मूळ माल घरचाच. त्या भाषेत प्रत्येक माणसाला एक खूण असे. आईच्या लेकीची खूण म्हणजे गालावर टेकवलेलं बोट, कारण हसताना तिच्या गालाला खळी पडायची. ती मोठी झाली, औषधांच्या दुकानात नोकरीला लागली, दोन मुलांची आई झाली, तरी त्या दोघांसाठी ती खळीच राहिली.

आई खळीच्या घरी राहायची. मामा एकटा, म्हणून दूरच्या एका वृद्धाश्रमात. यंदा आईचे हात थरथरायला लागले. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं.  मग एका सकाळी आई खळीला म्हणाली, "माझे हात बोबडे व्हायच्या आत मला दादाशी पोटभर बोलून घ्यायचंय."

मामाचे डोळे अधू झाले होते. फोनच्या पडद्यावर त्याला बोटं दिसत नसत. पण वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीत मोठा टीव्ही होता आणि त्याखाली डिस्क लावायचं जुनं यंत्र. तिथल्या व्यवस्थापिकेने फोनवर नियम सांगितला, माणशी एकच डिस्क. "कपाट एवढंसं आणि माणसं ढीगभर. एकाला दोन दिल्या तर उद्या प्रत्येकजण पेटी घेऊन येईल."

मग रोज दुपारी खळी फोन स्टँडवर लावायची, बटण दाबायची आणि दुकानात निघून जायची. आईने तिला बजावलं होतं, "तू बघायचं नाहीस. बहीणभावाचं बोलणं आहे."

"नाही बघणार," खळीने कबूल केलं होतं.

आठवडाभर बोलून आईचं मन मोकळं झालं. ते सगळं घेऊन खळी स्टुडिओवाल्याकडे गेली. जुन्या कॅसेटी डिस्कवर उतरवून देणारा हा माणूस बोलका होता. फाइल बघून तो म्हणाला, "ताई, आणलाय हत्ती आणि म्हणताय डबीत भरा. पाच तासांच्या वर आहे हे. तरी दाबून बघतो."

दुसऱ्या दिवशी त्याने डिस्क लावून दाखवली. आईचा चेहरा बरा दिसत होता. पण तिने हात उचलले की बोटं एकमेकांना चिकटत आणि त्यांचा मळलेल्या पिठासारखा गोळा होई.

"ओळखू येतायत की आई," तो म्हणाला.

"ओळखू येऊन काय करू? ती तोंडात घास धरून बोलतेय असं झालंय हे. बोटं सुटी दिसायला हवीत."

"मग तासाभराचा तरी भाग काढावा लागेल. आणि काय काढायचं ते मला कसं कळणार? मला सगळं सारखंच दिसतं. तुम्ही बसा आणि सांगा."

खळीला आईला दिलेला शब्द आठवला. पण तिच्याशिवाय दुसरं कोण सांगणार? तिने दुकानात रजा टाकली आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.

सुरुवातीला मजाच वाटली. शेजारणीच्या मांजराची नक्कल होती. मामाने लहानपणी चोरलेल्या पेरूंचा हिशेब होता. "जावई घोरतो म्हणून अख्खं घर वैतागलंय," आई सांगत होती, "मी तेवढी सुखी." खळीला हसू आलं. काय हसताय म्हणून स्टुडिओवाल्याने विचारलं, तेव्हा तिने त्यालाही सांगितलं. मांजर काढा, ही शेजारीण काढा, असं ती सांगत गेली आणि तो फाइलवर तशा खुणा करत गेला.

मग पडद्यावर आईने गालावर बोट टेकवलं.

"खळी माझं सगळं बघते. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. तक्रार करायला जागा नाही. पण जेवायला बसलं की सगळ्यांची तोंडं हलतात. हसतात. मी विचारते, काय झालं? खळी म्हणते, काही नाही, नंतर सांगते. ते नंतर काही येत नाही, दादा. मुलं माझ्याकडे बघून हात हलवतात, खिडकीतून बाहेरच्याला हलवावा तसा. भरल्या घरात मी भिंतीशी बोलते. मला तुझ्याकडे यायचंय. तिकडे जागा मिळते का बघ. पण खळीला कळू देऊ नकोस. तिला वाटेल, तिचं काही चुकलं."

आई बराच वेळ तेच बोलत होती. मध्ये तिचे हात थरथरले, तेव्हा तिने ते मांडीवर दाबून धरले आणि पुन्हा उचलले.

"हा भाग काढा," खळी म्हणाली.

"काही वाईट आहे का यात?"

"घरगुती आहे. काढा."

त्या संध्याकाळी जेवताना धाकट्याने काहीतरी विनोद केला आणि नवरा ठसका लागेपर्यंत हसला. आईने भुवया उंचावून खळीकडे पाहिलं. खळीचा हात सवयीने 'नंतर' म्हणायला उठला आणि अर्ध्यावर थांबला. ती विनोद सांगायला लागली. तोवर थोरल्याने भाजी मागितली, नवऱ्याने विजेच्या माणसाचं काहीतरी विचारलं, आणि तिने पुन्हा हात उचलले तेव्हा त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. आईने समजून मान डोलावली. 

सकाळी स्टुडिओवाल्याचा फोन आला. ती गेली तेव्हा तो खुशीत होता.

"काल तुमचं बोलणं डोक्यात घोळत होतं. तुम्हाला हालचाल हवी, चित्र मोठं नसलं तरी चालेल. बरोबर? मग मी चित्रच निम्म्यावर आणलं. आवाज काढून टाकला, नाहीतरी नुसती पंख्याची घरघर होती. आता बघा."

चित्र जरा धुरकट होतं. आईच्या साडीवरची नक्षी पुसली गेली होती, मागचा पडदा नुसता रंग झाला होता. पण बोटं सुटी होती. एकेक शब्द लागत होता.

"सगळं मावलंय," तो म्हणाला. "मांजरसुद्धा. काहीच काढायला नको आता. तो घरगुती भागही आत आहे. तेवढा काढू का?"

खळी पडद्याकडे बघत राहिली. कालपर्यंत जागा नाही म्हणून काढते, असं ती स्वतःला सांगू शकत होती. आज तो आधारही गेला. आईचं बोलणं कापून पाठवायचं आणि मामाला वाटू द्यायचं की बहीण सुखात आहे. एका शब्दाचं काम होतं.

"राहू दे," ती म्हणाली.

"काय?"

"राहू दे म्हटलं ना." आपण उगीच त्याच्यावर खेकसलो, हे तिला कळलं. पैसे देऊन, डिस्क घेऊन ती बाहेर पडली.

डिस्क पोचल्यावर काही दिवसांनी व्यवस्थापिकेचा फोन आला. मामा रोज दुपारी टीव्हीसमोर बसत होता. आता त्याने कागदावर मोडक्यातोडक्या अक्षरांत विचारलं होतं की बायकांच्या बाजूला खाट रिकामी आहे का. होती.

खळीने आईला समोर बसवून ते सांगितलं. आईचा चेहरा उतरला.

"तू बघितलंस."

"बघावं लागलं. फाइल मोठी होती, काय काढायचं ते त्याला समजत नव्हतं."

"मग तेच काढायचं होतंस."

"काढलं होतं. परत ठेवलं."

आई खिडकीबाहेर बघत बसली. तिला राग आला की लाज वाटली, हे खळीला ओळखता आलं नाही. शेवटी खळीनेच तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला वळवलं. "मी मुलांना शिकवते. यांनाही. जेवताना सगळे हातांनी बोलू. थोडं थांब."

"शिकव. भेटायला याल तेव्हा उपयोग होईल," आई म्हणाली. "पण माझ्या हातांना थांबायला वेळ नाही. जोवर बोलता येतंय, तोवर ज्याला सगळं कळतं त्याच्याजवळ बसू दे मला."

महिनाअखेरीस खळी आणि नवरा तिला पोचवायला गेले. मामा फाटकाशी उभा होता. पिशव्या आत जायच्या आधीच दोघांचं बोलणं सुरू झालं. इतकं भरभर, की खळीलाही निम्मं लागेना. आईचे हात थरथरत होते, पण मामा कुठे अडत नव्हता. त्या गडबडीत आईने वळून खळीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि पुन्हा मामाकडे वळली.

 परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, "लोक विचारतील, आईला का ठेवलं तिकडे. काय सांगायचं?"

 खळीने काच खाली केली आणि वारा तोंडावर घेत ती बसून राहिली.