न्यायमूर्तींची बॅग आणि फुकटचा पास

मी एक कातडी बॅग बोलतेय. माझ्या काचेच्या पेटीवर पितळी पाटी आहे: ‘न्यायमूर्ती लायसँडर प्रुइट यांची बॅग. वकील, आमदार, न्यायाधीश.’ लोक येतात, पाटी वाचून टोप्या काढतात आणि माझ्या अंगाची लाही लाही होते.

अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एका खोगीर करणाऱ्याने मला शिवलं. तेव्हा लायसँडर नवा वकील होता. कोटाच्या कोपरांना ठिगळं, आणि घोड्यावर बसून गावोगावच्या कोर्टांत फिरायचा. मी खोगिराला लटकलेली. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू?

ऑर्फा किंबल या विधवेची सफरचंदांची बाग तिचा दीर बळकावू पाहत होता. लायसँडर तीन दिवस घसा फोडून भांडला आणि बाग सोडवली. फी म्हणून तिने मला सफरचंदांनी गच्च भरलं. आठवडाभर मला तो वास येत होता.

त्याच नावावर तो पुढे निवडणुकीला उभा राहिला. जत्रेत खोक्यावर चढून ओरडायचा, “मी गरिबांचा वकील!” बायकांना मत नव्हतं, पण ऑर्फाने आपल्या तिन्ही भावांना मत द्यायला हाकललं.

आमदार झाल्यावर पहिल्याच महिन्यात रेल्वे कंपनीचा लिफाफा आला. आत वर्षभराचा फुकट पास. तो सगळ्याच आमदारांना यायचा, जजांनाही.

“अहो, हे घ्यायचं?” बायकोने विचारलं.

“अगं, रीत आहे ती. परत पाठवला तर शिष्ट म्हणतील.”

पास माझ्या आतल्या कप्प्यात गेला. दर वर्षी नवा यायचा. त्याने घोडा विकून टाकला.

मग तो जज झाला आणि ऑर्फाच त्याच्यासमोर आली. रेल्वेला तिच्या बागेतून रूळ न्यायचे होते. घरही जाणार होतं. शेजारी पडीक माळ होता, पण तिकडून वळसा पडत होता.

सुनावणीला ती आमच्याच गाडीने आली. तिकीट काढून, दोन बाकं मागे बसली होती. तिकीट तपासायला माणूस आला, तेव्हा प्रुइटने माझ्यातून पास काढून दाखवला, तो तिने पाहिला.

“जजसाहेब, आज तुम्ही कसे आलात?” तिने भर कोर्टात विचारलं.

“त्याचा इथे काय संबंध, बाई?”

“मी तिकीट दाखवलं. तुम्ही काय दाखवलंत ते काढा की त्या बॅगेतून!”

कोर्टात हशा पिकला. प्रुइटचे कान लाल झाले. त्याने हातोडा आपटला. “खाली बसा, नाहीतर बाहेर काढीन.” आणि मला टेबलाखाली सरकवलं. पायाने! इतकी वर्षं मी त्याची कागदपत्रं सांभाळली, आणि पायाने!

निकाल रेल्वेच्या बाजूने लागला.

झाडं ऐन फुलोऱ्यात तोडली. वर्षभराने आमची गाडी तिथून गेली, तेव्हा ऑर्फा रुळांच्या कडेला उभी होती. तेव्हा ती भावाच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत राहत होती म्हणे. प्रुइटने खिडकीचा पडदा ओढला आणि मला मांडीवर घेऊन झोपेचं सोंग घेतलं.

तो मेला तेव्हा गावाने दुकानं बंद ठेवली. बाया-बाप्यांनो, माझ्यापुढे टोप्या काढू नका. ती पाटी उपटा आणि मला एखाद्या बाईला बटाटे भरायला द्या. बटाट्यांची मला लाज वाटणार नाही.