त्रेपन्न दात्यांची चकती

भगताने बापदेवाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेले तांदूळ चिकटवले आणि मागे वळून विचारलं, “बोल जगन. उजवी कनची नि डावी कनची?”

“उजवी त्रेपन्न दात्यांची, डावी पन्नासची,” जगन म्हणाला.

भगताने आजवर बापदेवाला पुष्कळ काही विचारलं होतं. बांध टिकेल का, यंदा मिठाला कधी हात घालावा, पोरीसाठी पेणचं स्थळ बघावं की अलिबागचं. सायकलचे दाते घेऊन मात्र अजून कोणी आलं नव्हतं. पण देवाच्या दारी लाज कसली, म्हणून त्याने जगनलाच प्रश्न घालायला सांगितला. जगनने घसा खाकरला आणि मोठी चकती लावली तर माझी पोर जोरात पळेल का, एवढंच विचारलं. उजवीकडचा तांदूळ टपकन पडला. उजवा कौल म्हणजे देवाचा होकार, म्हणजे मोठी चकती. मोठी चकती उजवीकडेच का ठेवलीस, हे त्याला कोणी विचारलं नाही.

जगन नागोठण्याकडच्या एका कंपनीत फिटर होता. भलेमोठे पंप तो सहज उघडून पुन्हा जोडायचा, पण हल्ली एक छोटी चकती त्याला सुटत नव्हती. रविवारी पेण ते रोहा अशी मुलींची सायकल शर्यत होती. पहिल्या तिघींना राज्याच्या संघात जागा मिळणार होती. त्याच्या मनस्वीचं या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष. यंदा हुकलं की हुकलंच.

सगळा घोळ पेडलपाशी बसणाऱ्या चकतीचा होता. चकती मोठी असली की पायाच्या एका फेऱ्यात सायकल लांब पळते, सपाटीवर बाकीच्यांना धूळ चारते, पण चढावर मांड्यांचा पिट्टा पाडते. चकती लहान असली की चढ हलका होतो, मात्र सपाटीवर पाय नुसते गरगर फिरतात आणि पुढच्या पोरी निघून जातात. आणि रस्ता म्हणाल, तर पेणपासून नागोठण्यापर्यंत ताटासारखा सपाट, मग भिसे खिंड, आणि खिंड उतरलं की अष्टमीचा पूल नि रोहा. शिकवणाऱ्या ऋजुता मॅडमनी दोन्ही चकत्या जगनच्या हातात दिल्या आणि तिच्या पायांना काय झेपतं ते तुम्हीच बघा म्हणाल्या. डॉक्टरने दोन गोळ्या पुढे करून हवी ती घ्या म्हणावं, तशातली गत.

मनस्वीने आपलं म्हणणं आधीच सांगून टाकलं होतं. खिंडीत माझे गुडघे भरून येतात, बाबा, तू लहानच लाव. पण ती सराव करायची खाडीच्या बांधावर. तिथे मोठ्या चकतीवर समोरचा वारा कापत जाणारी आपली पोर जगनने डोळे भरून पाहिली होती. सपाटीवरच मागे पडली तर खिंडीपर्यंत शर्यत उरते कुठे, हा विचार त्याला पोखरत होता. दोन्ही बाजू खऱ्या वाटायला लागल्या की माणूस देवाकडे जातो. तसा तो गेला.

कौल ऐकून मनस्वीने लहान चकतीचं नाव सोडलं. कौल मोडायची त्या घरात रीतच नव्हती. तिचं नावसुद्धा कौल घेऊनच ठेवलेलं. जगनने पाना घेतला आणि मोठी चकती बसवली.

शनिवारी संध्याकाळी जेवायला बसल्यावर त्याच्या आईने, बायजाबाईने, देवाला नेमकं काय विचारलंस म्हणून चौकशी केली. जगनने शब्दन् शब्द सांगितला. म्हातारीचा घास हातातच राहिला.

“नि खिंडीचं?” ती म्हणाली.

“खिंडीचं काय?”

“खिंडीचं इचारलंस का नाय? देवाला जेवडं इचारावं तेवडंच तो सांगतो. आपला देव बांधावरचा रं. त्यानं चढ कदी बघितलाय?”

जगनचं जेवण तिथेच संपलं. एकाच गोष्टीसाठी पुन्हा कौल लावत नाहीत, आणि आता चकती बदलायची तर देवाचा शब्द मोडतो. पाना घेऊन तो सायकलपाशी गेला आणि तसाच परत आला. थोड्या वेळाने पुन्हा गेला. ऐनवेळी मोडलेला कौल पोरीच्या मनात सलत राहिला तर काय करायचं, या धास्तीने त्याने पाना खाली ठेवला.

रविवारी तो मोटरसायकलने पुढे जाऊन भिसे खिंडीतल्या अवघड वळणावर उभा राहिला. नागोठण्याहून कंपनीतल्या मिथुनचा फोन आला. मनस्वी एकटी पुढे गेलीय, मागे नजर पोचते तिथवर कोणी नाय, म्हणून तो हर्षाने सांगत होता. बापदेव खोटं बोलला नव्हता. जगनने फोन ठेवला आणि खाली चढाकडे पाहिलं.

ती दिसली तेव्हा सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी येत होती. उभी राहून, सगळं अंग पेडलवर टाकून ती एकेक फेरा ओढत होती. मागून एक पोर भराभर पाय फिरवत आली आणि निघून गेली. मग दुसरी गेली. तिसरी गेली तेव्हा मनस्वीने मान वर करून पाहिलं. चौथी जाताना तिची सायकल जागच्या जागी थांबली.

ती उतरली. रस्त्यावर घसरणारे सायकलचे कडक बूट तिने काढले, हँडलला अडकवले आणि अनवाणीच सायकल ढकलत पळायला लागली. जगन धावत गेला. त्याचा हात सीटपर्यंत पोचला होता.

“हात लावू नको, बाबा. बाद करतील मला.”

“माजं चुकलं गो, मनू.”

“शर्यत चालू हाय अजून,” ती धापा टाकत म्हणाली आणि पुढे निघाली.

जगनने दोन्ही हात पाठीमागे नेले, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं आणि रस्त्याच्या कडेने तिच्या बरोबरीने खिंड चढू लागला.