पितळेवरची माफी

धाकटीचा स्वभाव म्हणजे पडलं तरी नाक वर. जन्मात तिने कुणाची माफी मागितली नव्हती, आणि आता मागायची होती ती थेट थोरल्या बहिणीची. ताईने पंखे-मोटारी दुरुस्तीचं दुकान काढलं, त्या दिवशी धाकटी चारचौघांत बोलून गेली होती, "बाईने जोडलेल्या वायरीवर कोण विश्वास ठेवणार? सहा महिन्यांत कुलूप लागेल." दुकान उलट जोरात चाललं, पण बहिणींचं बोलणं मात्र बंद पडलं. उद्या त्याला वर्ष होणार होतं, आणि धाकटीला ताईवाचून अजिबात करमत नव्हतं.

तोंडातून शब्द फुटेना, म्हणून तिने कार्ड करायचं ठरवलं. साधंसुधं नाही, पितळेचं, त्यावर अक्षरं कोरलेलं! मोबाइलवर एका बाईने ते चुटकीसरशी करून दाखवलं होतं. रोज शिवणकाम करणारे आपले हात, त्यांना हे काय जड, असं धाकटीला वाटलं.

तळहाताएवढा पत्रा तिने घासूनपुसून लख्ख केला. दोन्ही बाजूंना लाल नेलपॉलिश फासलं आणि वाळल्यावर सुईने खरवडून लिहिलं, 'ताई, चुकलं माझं.' कडेने टाक्यांची वेलबुट्टीही काढली. मिठाच्या पाण्यात वीज सोडली की पॉलिश निघालं तेवढंच पितळ खाल्लं जाणार होतं. खिडक्या उघडून तिने टबात मिठाचं पाणी घेतलं. त्यात एका बाजूला कार्ड सोडलं, दुसऱ्या बाजूला जुना पितळी चमचा, आणि दोघांच्या वायरी स्कूटरच्या बॅटरीला जोडल्या.

कार्डापाशी भराभर बुडबुडे आले.

"बघा, बघा, कोरलं जातंय!" तिने नवऱ्याला हाक मारली.

नवरा भूगोलाचा मास्तर. चष्मा सावरून त्याने टबात डोकावलं. "छान. पण चमचा का गं बारीक होतोय?"

धाकटीने घाईघाईने दोन्ही बाहेर काढलं. कार्ड जसंच्या तसं होतं आणि चमचा उंदराने कुरतडल्यासारखा.

"अगं बाई, माझा चमचा!"

"आता आधी चमच्याची माफी माग," नवरा म्हणाला.

"तुम्हाला थट्टा सुचतेय! उद्या वर्ष होतंय, मी काय तोंड घेऊन जाऊ तिच्याकडे?" धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बायकोचं रडणं मास्तरांना कधीच सोसवायचं नाही. ते गुपचूप बाहेर गेले आणि वायरीतलं कळणाऱ्या एकमेव माणसाला त्यांनी फोन लावला. "ताई, घरात बॅटरी, पाणी आणि तुमची बहीण एका जागी आहेत."

ताई हत्यारांची पिशवी घेऊन धावतच आली. तिला बघून धाकटीने कार्ड पाठीमागे लपवलं.

"काही झालं नाही. तू जा."

"हात भाजलाय का? दाखव आधी!" ताईने तिचा हात ओढला आणि कार्डच तिच्या हाती आलं. तिने ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. धाकटीचे कान तापले.

"पुसते मी ते," ती पुटपुटली. "जमलंच नाही नीट."

"खबरदार पुसशील तर! उद्या म्हणशील, मी कधी असं म्हटलं?" ताईने बॅटरीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं शहाणे, वायरी उलट्या लावल्यास! कार्ड प्लसला, चमचा मायनसला."

तिने वायरी बदलल्या. आता अक्षरांतून हिरवट गाळ खाली बसू लागला. दोघी टबावर वाकून बघत बसल्या.

"आमचा पंखा फार खडखडतोय गं," धाकटी हळूच म्हणाली.

"कधीपासून?"

"झाले की बरेच महिने. पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही मी."

ताईने नुसतं नाक पुसलं.

"बास आता, उमटली अक्षरं," मास्तर म्हणाले. "आणखी ठेवलंत तर पत्र्याला भोकं पडतील."

धाकटीने वायर काढायला हात पुढे केला. ताईने तो मधेच धरला आणि धरूनच ठेवला.

"राहू द्या हो जावईबापू," ती म्हणाली. "हिने पहिल्यांदाच माफी मागितलीय, अजून जरा खोल जाऊ दे."