वडफाट्यावरची मोजणी

निवृत्ती बोरस्ते एसटीत एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन घरी आले, पण त्यांचा आवाज अजून बसस्थानकावरच होता. निफाडजवळच्या वडफाट्यावर ते नुसते चहाला थांबले, तरी रिक्षावाले आपापल्या रिक्षा रांगेत लावायचे. म्हणूनच नाशिकचा रस्ता रुंद करायला फाट्यावरची दुकानं पाडण्याची नोटीस आली, तेव्हा यशोदाबाईंनी थेट त्यांना गाठलं. पाडापाडीची लाल खूण पहिल्यांदा यशोदाबाईंच्या भजी-मिसळीच्या हॉटेलवरच पडली होती.

"तुम्ही निर्धास्त राहा," निवृत्ती म्हणाले. "निफाड-नाशिकरोड शटल सुरू झाली ना? माणसं रेल्वेनं जाणार, रस्ता मोकळा होणार. मोकळा रस्ता रुंद करायचं काय कारण? मी साहेबापुढं आकडाच ठेवतो."

गाड्या मोजायची खोड त्यांना नोकरीपासूनच होती. शटल सुरू व्हायच्या आधी त्यांनी सहज म्हणून सकाळी आठ ते दहा मोजणी केली होती. चौदाशे बारा गाड्या भरल्या होत्या. आता दोन महिन्यांनी, एका बुधवारी, ते त्याच वडाखाली खुर्ची टाकून बसले. नऊशे अडुसष्ट! त्यांनी दोनदा बेरीज केली आणि हॉटेलात जाऊन सगळ्यांना कागद वाचून दाखवला. आता नोटिशीच्या सुनावणीत आपल्याला कोण हरवतो, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलंच होतं.

यशोदाबाईंनी त्यांच्यापुढं भज्यांची बशी ठेवली आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"अण्णा, बुधवारी अवस होती."

"मग?"

"मग आपल्या उपबाजारात कांद्याचा लिलाव कुठं असतो? बाकीच्या बाजारांनी सोडलं म्हणं, पण आपल्याकडं अजून अवस पाळतात. ट्रॅक्टर नाय, पिकअप नाय. मी तर अवसेला बेसनच निम्मं भिजवते."

निवृत्तींच्या हातातलं भजं हातातच राहिलं. त्यांनी जन्मात कधी अमावास्या पाळली नव्हती. स्कूटरसुद्धा मुद्दाम अमावास्येला आणली होती आणि ते चार लोकांत ऐटीत सांगतही असत. त्या ऐटीपायी तिथी बघायची सवयच उरली नव्हती. आपल्याच शहाणपणानं आपला घात केला, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"हे आणखी कुणाला बोललात?"

"तुम्हालाच. हॉटेल माझं जाणार हाय, पण खोट्या आकड्यावर टिकलेलं मला नको."

पुढच्या बुधवारी ते पुन्हा वडाखाली बसले. काळी-पिवळी जीप चालवणारा शौकत त्यांच्याजवळ थांबला. जीप गच्च भरलेली होती.

"काय रे, तुझे नोकरदार शटलनं जात्यात ना?"

"ते गेले, चाचा. पण कोंडीला भिऊन जे येतच नव्हते ते यायला लागले. रस्ता जरा हलका झाला म्हणं."

निवृत्तींनी रेघ ओढली. रेघांमागून रेघा वाढत गेल्या. पावणेदहाला एक पांढरी गाडी कडेला येऊन थांबली आणि काच खाली झाली. आत त्यांचा मुलगा महेश होता. इतकी वर्षं तो कंपनीत एसटीनं जायचा.

"आबा, रस्ता मोकळा झालाय असं तुम्हीच म्हणता ना? म्हटलं, गाडीच न्यावी."

निवृत्तींनी त्याचीही रेघ ओढली. दहा वाजता एकूण चौदाशे सदतीस झाल्या.

सुनावणीला नाशिकला ते तिन्ही कागद घेऊन गेले. अमावास्येची चूक त्यांनी स्वतःच आधी सांगितली. अधिकारी हसले. "म्हणजे बोरस्ते, रेल्वेनं गर्दी कमी झालीच नाही. तुम्ही तर आमच्याच बाजूनं बोलताय."

"नाय साहेब. रेल्वेनं रस्त्यावर जागा केली, ती दोन महिन्यांत भरली. माझ्या पोरानंच भरली. तुम्ही दुकानं पाडून जागा करा, तीबी भरंल. कोंडी हाय तिथंच राहणार. पण शटलमधली माणसं त्या कोंडीत नसतात, एवढंच रेल्वे करू शकते, आणि ते लय झालं. आम्हाला शटलच्या दोन फेऱ्या वाढवून द्या आणि यशोदाबाईंचं हॉटेल राहू द्या."

स्वतःला अडचणीचा आकडा स्वतःच आणणारा माणूस अधिकाऱ्यांनी त्या दिवसभरात दुसरा पाहिला नव्हता. त्यांनी पाडापाडी थांबवली आणि सात दिवसांची सरकारी मोजणी लावली.

संध्याकाळी परतताना शटलमध्ये बसायला जागा नव्हती. निवृत्ती दाराशी उभे राहिले. ओढा स्टेशनाजवळ रस्ता दिसू लागला, तर गाडीला गाडी चिकटलेली. तेवढ्यात महेशचा फोन आला.

"आबा, मी ओढ्याला अडकलोय. अर्धा तास झाला. तुम्ही कुठं?"

"तुझ्या शेजारनंच चाललोय," निवृत्ती म्हणाले. "उद्यापासून पास काढ."

निफाड स्टेशनवरून फाट्यावर आल्यावर ते आधी हॉटेलात गेले. यशोदाबाई हात पुसत पुढं आल्या.

"सोमवारपासून सात दिवस मोजणार हायत," निवृत्तींनी सांगितलं. "त्यात अवस येत नाय. मी कॅलेंडर बघून आलोय."

यशोदाबाईंनी मान हलवली आणि उद्यासाठी बेसनाचा पुरा डबा खाली काढला.